‘हक्कांसह पावले’ : पुण्याच्या रहस्यकथा-लेखकाचं जुनं येणं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात गेल्या काही वर्षांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रहस्यकथा आणि भयकादंबऱ्या नव्या मुखपृष्ठांनिशी परत आल्या आहेत. त्यातल्या काही आता कानाला इअरफोन लावून ऐकल्याही जातात. त्यामुळे ‘याचे पैसे नेमके कोणाला?’ हा प्रश्न पुन्हा निघाला आहे. त्याचं उत्तर शोधायला वारसांना आणि प्रकाशकांना रेव्हेन्यू स्टँप लावलेल्या जुन्या पावत्या धुंडाळाव्या लागतात.

मराठीत हा प्रकार इंग्रजी कादंबऱ्यांच्या रूपांतरांतून रुजला आणि मुंबईच्या एका लेखकाने हजाराचा आकडा ओलांडून तो घरोघरी नेला, हे नव्याने सांगायला नको. पुण्याचा भर आला तो त्यानंतर. इथल्या पेठांत छापखाना, बाइंडर आणि प्रकाशक हाकेच्या अंतरावर होते, आणि रहस्य-अद्भुत कथांना वाहिलेलं मासिकही इथूनच निघत होतं. लिहिणारे बहुतेक नोकरदार. दिवसा कचेरी, रात्री पाठकोरे कागद. पुण्याचा सर्वांत नावाजलेला भयकथालेखक शिक्षणाने रसायन तंत्रज्ञ होता. पावसाळा दिवाळी अंकांच्या कथांत जायचा, आणि त्यांचं मानधन दिवाळी उलटून गेल्यावर, तेही आठवण करून दिली तर.

पुस्तकाची लांबी कथानकावर ठरत नसे, ती फॉर्म्यावर ठरे. सोळा पानांचा एक फॉर्मा, आठ फॉर्म्यांची कादंबरी. खुनी सातव्या फॉर्म्यात सापडला तर लेखकाने आणखी एक फॉर्मा कशाने तरी भरायचा. त्या काळातल्या कादंबऱ्यांत शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर इतकं लांबलचक का बोलतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हा सगळा माल विकत घेई लायब्ररी. गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत एक प्रत शंभर घरांत फिरे, पण लेखकाच्या हिशेबात ती एकच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित सार्वजनिक वाचनालयं वाढली, तरी तिथेही मागणी नव्या नावाची. त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती कोण घेणार? हजार-अकराशे प्रती संपल्या की पुस्तक संपलं आणि लेखक पुढच्या कादंबरीला लागला. शेकडो पुस्तकं लिहिणारे लेखक या मागणीने तयार केले. त्यांना ‘पाट्या टाकणारे’ म्हणणाऱ्या समीक्षकांनी हा व्यवहार कधी पाहिला नाही.

एकरकमी हक्क विकण्याचा जो निर्णय आज सर्वांत वादाचा ठरतो, तो याच व्यवहारातून आला. समजा पाच रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती काढल्या, तर दहा टक्क्यांनी रॉयल्टी होते पाचशे रुपये. तीही प्रती खपतील तशी, दोन-तीन वर्षांत, प्रकाशकाच्या वहीवर विश्वास ठेवून. त्याऐवजी हस्तलिखित टेबलावर ठेवलं की रोख रक्कम हातात पडत असेल तर कोण नाही म्हणेल? दुसरी आवृत्ती निघणारच नव्हती, तेव्हा विकायला उरलेला हक्क शून्य किमतीचा. लेखक भोळे होते, फसले, हे आता ऐकू येतं ते मला पटत नाही. त्या वेळच्या बाजारात त्यांनी बरोबरच हिशेब केला होता.

अडचण त्या पावतीवरच्या ओळीची. ‘अमुक कादंबरीचे मानधन सर्व हक्कांसह पावले’, अशा अर्थाचं काहीतरी, खाली सही. किती वर्षांसाठी, कोणत्या भाषेसाठी, कोणत्या माध्यमासाठी, काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला हक्क देण्यासाठी लेखी कागद आणि सही पुरत होती. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि चित्र पालटलं : करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. लेखकांना हा मोठाच दिलासा, पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की आधी झालेल्या करारांना हे लागू नाही. म्हणजे ज्या दोन दशकांत पुण्यात सर्वाधिक पावत्या फाडल्या गेल्या, तीच नेमकी बाहेर राहिली.

मग २०१२ ची दुरुस्ती. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय गेले असं धरता येणार नाही. पुढच्याच वर्षी पुण्याच्या कॉलेजकट्ट्यावरच्या एका जुन्या कादंबरीवर चित्रपट आला, तुफान चालला, आणि त्या लेखकाची बाकीची पुस्तकं, रहस्यकथांसह, नव्याने मागितली जाऊ लागली. तो लेखक तेव्हा हयात नव्हता. २०१७ च्या अखेरीस एका स्वीडिश कंपनीने मराठी ऑडिओबुकं आणली. आता वारस म्हणतात, ऑनलाइन ऑडिओ १९७८ साली कुठे होता? प्रकाशक म्हणतात, ‘सर्व’ म्हणजे सर्व, आणि २०१२ ची तरतूद मागे जाऊन लावता येत नाही. प्रकाशकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तोट्यात गेलेल्या पुस्तकांचे पैसे त्यांनी परत मागितले नव्हते. तरी आठ फॉर्म्यांची रोकड देऊन कानातली कमाईही घेतली, हा दावा ताणलेलाच वाटतो.

मानाचा हिशेबही असाच. पुढे पुण्यात आलेल्या एका खगोलशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये टोपणनावाने विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली आणि २०२१ मध्ये तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. केवळ रहस्यकथेवर नाव उभं असलेल्या कोणाला ती खुर्ची मिळालेली नाही. प्राप्तिकर खात्याने मात्र ‘साहित्यिक’ पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट देताना एकरकमी मानधनालाही जागा ठेवली. नवी करप्रणाली निवडली तर ती वजावटही जाते.

आज थेट ऑडिओसाठी मालिका लिहिणाऱ्यांना पुन्हा एकरकमी मानधनच देऊ केलं जातं, भागामागे दर ठरवून. फरक इतकाच की करार वीस पानांचा असतो आणि माध्यमांच्या यादीत ‘भविष्यात येणारी’ हे शब्द आवर्जून असतात. जुन्या पावत्यांचा वाद मात्र लवकर मिटणारा नाही. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. २००३ साली गेलेल्या त्या कट्ट्यावरच्या कादंबरीच्या लेखकाचा २०६३ च्या अखेरपर्यंत, आणि २००८ मध्ये गेलेल्या भयकथालेखकाचा २०६८ च्या.