उजनी फुगवट्यावरील उन्हाळी पक्षी

उजनी फुगवट्यावरील उन्हाळी पक्षी : भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयाकाठी साधारण मार्च ते जून या काळात दिसणारे व वीण करणारे पाणपक्षी. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात असलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. काठावरची माणसे मात्र ‘उजनीचा फुगवटा’ किंवा नुसते ‘पाणी’ म्हणतात. पुणे-सोलापूर महामार्गावरचे भिगवण आणि त्याजवळची कुंभारगाव, डिकसळ ही इंदापूर तालुक्यातील गावे पक्षी पाहण्यासाठी प्रसिद्ध आहेत. बहुतेक लोक हिवाळ्यात येतात. पण घरटी, अंडी आणि पिल्ले पाहायची तर उन्हाळाच गाठावा लागतो.

या हंगामाची गुरुकिल्ली पाण्याच्या पातळीत आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळाच्या साठ्यात, मोडते. सिंचनासाठी आणि पिण्यासाठी पाणी सुटत गेले की साठा त्या रेषेच्याही खाली जातो. मग गावोगावी ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य ऐकू येते. पळसदेवचे एरवी बुडालेले पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. काठ उताराचा नसून सपाट असल्याने पातळी थोडी उतरली तरी पाणी लांबवर मागे सरते आणि मैलोन्‌मैल ओला गाळ मोकळा होतो. त्या गाळात किडे, अळ्या, शिंपले आणि डबक्यांत अडकलेली मासळी असते. माणसाला जी टंचाई वाटते, ती उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना सुगी असते.

मार्च सरता सरता पट्टकादंब, तलवार बदके, थापट्या हे हिवाळी पाहुणे उत्तरेकडे निघतात. रोहित (अग्निपंख) मात्र बरेच दिवस रेंगाळतात. ठाण्याच्या खाडीत धाकट्या रोहितांचे थवे मोठे असतात. भिगवणला दिसतो तो उंच, फिकट गुलाबी थोरला रोहित. तो गाळ पायांनी ढवळतो, मान वाकवून चोच उलटी पाण्यात बुडवतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून पाणी गाळून बारीक जीव टिपतो. उभा असताना पांढुरकाच वाटतो. पंख उघडले की आतला लाल-काळा रंग पेटतो, आणि अग्निपंख हे नाव किती नेमके आहे ते तेव्हाच पटते. थव्यात मळकट करड्या रंगाचे पक्षी दिसले तर ती वेगळी जात समजू नये. ती याच पक्ष्याची वाढती पिल्ले असतात. रोहित उजनीवर वीण करत नाही. त्यासाठी तो कच्छच्या रणासारख्या खारट पाणथळीत जातो.

उघड्या बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर नदीसुरय अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच आणि दुभंगलेली लांब शेपटी असलेला हा पक्षी घरटे म्हणून वाळूत केवळ उथळ खळगी करतो. ठिपक्यांची अंडी वाळूत इतकी मिसळून जातात की पाऊल पडेपर्यंत कळत नाहीत. टिटवी आणि शेकाट्या हेही जमिनीवर अंडी घालणारेच. भर दुपारी टिटवी पाण्यात बसून पोट भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. एप्रिलच्या उन्हात टिटवीची ही येरझार पाहिली की तिच्या कर्कश ओरडण्याचा कुणालाही राग येणार नाही.

झाडावरच्या विणीसाठी भिगवणजवळच्या भादलवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव महत्त्वाचा. तलावातल्या काटेरी झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. पिवळी चोच, केशरी चेहरा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसे असे या पक्ष्याचे रूप विणीच्या दिवसांत अधिकच खुलते. पिल्लांवर ऊन आले की पालक पंख पसरून सावली धरतो. जोडीदार फुगवट्यावरून मासे आणून घरट्यात ओकतो. झाडांभोवतीचे पाणी हेच वसाहतीचे कुंपण. तलाव आटला तर पक्षी तेथे वीण करत नाहीत किंवा अर्धी घरटी टाकून जातात. म्हणून या छोट्या तलावात उन्हाळाभर थोडे पाणी राखणे फार गरजेचे आहे. जवळपास राखी बगळे, मोरशराटी, चमचे आणि मुग्धबलाकही चरताना दिसतात. ढोकरी आणि गायबगळे एव्हाना विणीच्या पिसाऱ्यात असल्याने हिवाळ्यात पाहिलेला पक्षी हाच का, असा प्रश्न पडतो.

धोके काठावरच आहेत. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर (ओल्या गाळातली पेरणी) होते. ती शेतकऱ्याच्या पोटाची गोष्ट आहे, पण नांगर बेटावर पोचला की घरटी जातात. मोकाट कुत्री उथळ पाण्यातून बेटे गाठतात. वाळूउपसा वाळूचे पट्टेच नाहीसे करतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून फुगवट्यात येते. पाणी कमी झाले की त्याचा हिरवा रंग आणि वास दोन्ही वाढतात. मासेमारांच्या जाळ्यात आता मुख्यतः चिलापी हा परका मासा लागतो.

हेच मासेमार हंगामात होडीतून पक्षी दाखवतात आणि कोणता थवा कुठे उतरला हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. सकाळी नऊच्या आत फेरी आटोपावी, इंजिन लांबच बंद करावे, बेटावर उतरू नये. चित्रासाठी थवा मुद्दाम उडवणे हे चरणाऱ्या पक्ष्याच्या तोंडचा घास काढणे आहे.

भिगवणला थेंबही पडलेला नसताना सह्याद्रीच्या घाटात पाऊस लागतो आणि वरच्या धरणांतून पाणी सुटते. फुगवटा चढू लागतो, गाळ बुडतो, रोहित निघून जातात. बेटांवरच्या ज्या पिल्लांना तोवर उडता येऊ लागलेले असते, तीच वाचतात.