विमानतळांमधील हवाई अंतर व प्रवासकाळ

दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेली, पृथ्वीच्या पृष्ठभागालगतची कमीत कमी लांबी म्हणजे त्यांच्यातील हवाई अंतर होय. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात आणि हे अंतर त्याच्या कंसावर मोजतात. विमानवाहतुकीत त्यासाठी सागरी मैल (१,८५२ मीटर) हे एकक रूढ आहे. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानून केलेले गणित व्यवहाराला पुरते. तथापि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते.

सपाट नकाशावर हा मार्ग कमानीसारखा दिसतो आणि विमान उगाच वळसा घेत आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ६० अंश उत्तर अक्षवृत्तावरील, परस्परांच्या नेमक्या विरुद्ध रेखावृत्तांवरच्या दोन ठिकाणांमध्ये अक्षवृत्त धरून गेल्यास सुमारे १०,००० किमी पडतात, तर उत्तर ध्रुवावरून गेल्यास केवळ ६,६७० किमी. पृथ्वीगोलावर या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला, की तो आपसूक ध्रुवाकडे सरकतो.

प्रत्यक्ष उड्डाण या किमान अंतराहून बहुधा लांब असते, कारण ठरलेले हवाई मार्ग, वादळे आणि बंद हवाई हद्दी यांना मान द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर साडेनऊ तासांच्या आसपासचा हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. विमानतळ मात्र जागचे हलले नव्हते.

काळाचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. मोठी जेट विमाने ताशी सुमारे ९०० किमी वेगाने जातात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. लंडन–न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किमी आहे. पश्चिमेकडून ताशी १५० किमीचा वारा संपूर्ण वाटभर आहे असे धरले, तर पूर्वेकडे येताना ५ तास १७ मिनिटे आणि पश्चिमेकडे जाताना ७ तास २४ मिनिटे लागतील. दोन्हींची बेरीज १२ तास ४१ मिनिटे, म्हणजे वारा नसतानाच्या १२ तास २० मिनिटांहून जास्त होते. कारण समोरच्या वाऱ्याशी झुंजण्यात विमानाचा अधिक वेळ जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी जेट प्रवाहाच्या, म्हणजे खूप उंचीवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या, जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते.

वेळापत्रकात छापलेला काळ केवळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा ‘ब्लॉक टाइम’ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि रांगेतली प्रतीक्षा त्यात येते, शिवाय उशीर झाकण्यासाठी कंपन्या थोडी सवड ठेवतात. त्यामुळे उशिरा निघालेले विमान पुष्कळदा ‘वेळेवर’ पोहोचते. लहान उड्डाणांत या जमिनीवरच्या वेळेचा वाटा बराच मोठा असतो. म्हणून अंतर निम्मे झाले तरी काळ निम्मा होत नाही.

तिकिटावरील निर्गमन आणि आगमन त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत दिलेले असते, हे विसरल्यास सरळ वजाबाकी फसते. टोकियोहून संध्याकाळी निघालेले विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरते. दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाणवेळेत आणल्या, तरच खरा प्रवासकाळ हाती लागतो.