सीएसआर केला म्हणजे कंपनी चांगली नागरिक झाली का?

आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, आण्णांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. मोठ्या कंपन्यांकडून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही लेथवर टर्निंग-बोरिंग करून डिलिव्हरी चलनासोबत परत पाठवतो, बिल लावतो आणि मग पेमेंटची वाट बघतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एका कंपनीकडं (नाव नको) आमचं बिल पाच महिने अडकलेलं, अकाउंट्सला फोन केला की "पुढच्या आठवड्यात सोडतो". त्याच दिवसांत भाच्याच्या शाळेत गेलो तर वर्गात नवे कोरे बेंच, आणि प्रत्येक बेंचच्या पाठीवर निळ्या रंगात त्याच कंपनीचं नाव, खाली 'सीएसआर उपक्रम' (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी).

बेंच चांगले होते, अगदी मनापासून सांगतो. कोपरे घासून गोल केलेले, वेल्डिंग स्वच्छ, आणि आधी ती पोरं फरशीवर बसायची. घरी येऊन आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं की, पोरांची सोय झाली. आपल्या बिलाचं काय म्हणाले?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. सीएसआर आणि कॉर्पोरेट सिटीझनशिप (कंपनीचं नागरिकपण) हे दोन शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात, कंपनीवाले पण आणि पेपरवाले पण, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएसआर सांगतो नफा झाल्यावर त्यातलं काय बाहेर दिलं. नागरिकपण सांगतं तो नफा मिळवला कसा.

आधी सीएसआर, कारण ते सोपं आहे, कायद्यात लिहिलंय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरलेलं) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनी त्यात बसते, आणि मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर घालवायची. म्हणजे सरासरी नफा १० कोटी असेल तर २० लाख. बरेच जण २ टक्के म्हणजे उलाढालीच्या समजतात, तसं नाही. पैसा कुठं घालायचा त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामीण खेळ वगैरे, आणि कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं. २०२१ पासून नियम कडक झाले, पैसे शिल्लक ठेवून गप्प बसता येत नाही, चालू प्रकल्पाचे असतील तर वेगळ्या बँक खात्यात, नाहीतर परिशिष्टात दिलेल्या सरकारी फंडात भरावे लागतात, नाहीतर दंड.

नागरिकपणाचं असं कलम नाही. त्याचा विचार असा, की कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन होते, ती कोर्टात केस घालू शकते. मग ही व्यक्ती ज्या गावात राहते, तिथलं पाणी, रस्ता, माणसं वापरते, तर तिथं ती वागते कशी? कामगाराला काय मिळतं, धुराडं-सांडपाणी कसं सांभाळलंय, टॅक्स सरळ भरतीय का, सप्लायरचे पैसे वेळेत सोडतीय का, ग्राहकाला खरं सांगतीय का. आपल्याकडं याच्या सगळ्यात जवळ जातात ती केंद्र सरकारची २०१९ ची जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वं, एकूण नऊ आहेत, आणि त्यांच्यावर बेतलेला बीआरएसआर रिपोर्ट (कंपनी जबाबदारीनं कशी वागली त्याचा अहवाल) शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना सक्तीचा केलाय. बाकीच्यांना तसा रिपोर्ट द्यावा लागत नाही, त्यामुळं आपल्यासारख्यांना ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आता महत्त्वाचं, जे मला स्वतःला उशिरा कळलं. या दोन गोष्टींत रेघ खुद्द सीएसआरच्या नियमांनीच मारलीय. नियम सांगतात की दुसऱ्या कुठल्या कायद्यानं जे तुम्हाला करावंच लागतंय ते सीएसआरमध्ये धरायचं नाही. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेलं पण नाही. आणि स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप पण नाही. आपल्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर कुस्तीचं मैदान घ्या. कंपनीनं तालमीतल्या पोरांच्या ट्रेनिंगला पैसे दिले, वस्ताद ठेवला, तर ते सीएसआरमध्ये बसू शकतं. पण मैदानात आपल्या ब्रँडचे बॅनर लागावेत म्हणून इनाम स्पॉन्सर केलं तर तो जाहिरातीचा खर्च, तो सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. मैदान तेच, पैलवान पण तेच.

पंचगंगेचं पण तसंच. उन्हाळा आला, पाणी थांबलं की नदीवर केंदाळ (जलपर्णी) पसरतं, इतकं दाट की लांबून हिरवं रान वाटावं, आणि जवळ गेलं की कुजका वास नाकात बसतो. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढला की ते माजतं, आणि तो येतो शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्यातून, कारखान्यांतून, शेतातल्या खतातून. सगळा दोष कारखान्यांवर टाकणं बरोबर नाही, कोल्हापूर-इचलकरंजीचा मैला पण त्याच नदीला जातो. पण समजा एखाद्या कंपनीनं मशीन लावून केंदाळ काढून दिलं, तर ते सीएसआर. आणि तिच्या स्वतःच्या आवारातला सांडपाण्याचा प्लांट रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना, लाईटबिल वाढत असताना पण चालू असला, तर ते नागरिकपण. प्लांट चालवणं १९७४ च्या पाणी कायद्यानं बंधनकारकच आहे, त्याचा एक रुपया सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, त्यामुळं त्याचा फोटो पण कधी छापून येत नाही. माझ्या मते नदीला गरज त्याचीच जास्त आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात अजून एक गोष्ट आहे. कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही, सहकारी संस्था आहे, दूध संघ पण तसाच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतली कितीतरी युनिटं भागीदारीत नाहीतर एकट्या मालकाच्या नावावर चालतात, तीही त्यात येत नाहीत. म्हणजे कोल्हापूरचा निम्मा कारभार सीएसआर कायद्याच्या बाहेरच म्हणा की. पण नागरिकपणाच्या बाहेर कुणीच नाही. साखर कारखान्यांनी शाळा, कॉलेजं, दवाखाने काढले ते हा कायदा यायच्या कितीतरी आधी, त्याचं मोल मोठं आहे, आमच्या नात्यातली पोरं तिथंच शिकली. तरी शेतकऱ्याच्या बाजूनं पहिला प्रश्न एफआरपीचा, म्हणजे उसाला सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा असतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. पैसे थकवून आरोग्य शिबिर घेतलं तर शिबिराचा उपयोग होतोच, पण थकलेले पैसे थकलेलेच राहतात.

२०१९ च्या पुरात हे फार जवळून बघितलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, माल येत नाही की जात नाही. बऱ्याच कंपन्यांनी ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या, किराणा पाठवला, आणि त्या वेळी त्याची खरंच गरज होती. पण मला लक्षात राहिला आमच्या ओळखीचा एक फाउंड्रीवाला, बारा कामगार, सीएसआर कायद्याचा त्याचा काडीचा संबंध नाही. भट्टी बंद होती तेवढ्या सगळ्या दिवसांची हजेरी त्यानं पूर्ण धरली, आणि पूर ओसरल्यावर कामगारांच्या घरातला गाळ काढायला स्वतः खोरं घेऊन गेला. कुठल्या रिपोर्टमध्ये हे आलं नाही.

परत आमच्या बिलावर येतो. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. कायदा आमच्या बाजूचा आहे, पण व्याज मागितलं की पुढचं काम दुसऱ्याकडं जातं, उद्यमनगरात कुणालाही विचारा. आमचं बिल सहाव्या महिन्यात सुटलं, व्याजाचं आम्ही तोंडातून काढलं नाही.

पण एक केलं. त्या कंपनीचा वार्षिक रिपोर्ट वेबसाईटवर होता तो उघडला. सीएसआरची पानं पुढंच होती, बेंचवर बसलेल्या पोरांचा फोटो, खर्चाचा आकडा, सगळं नीट. मग मागं ताळेबंदाच्या टिपांमध्ये गेलो, तिथं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे किती पैसे द्यायचे आहेत ते वेगळं दाखवावं लागतं, कंपनी लिस्टेड असो नसो. तुम्हाला पण कुठल्या कंपनीबद्दल बघायचं असेल तर ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. मी आण्णांना बोलावून तो आकडा दाखवला. नावं नसतात त्यात, सगळ्यांची मिळून एकच रक्कम असते. आण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात आपलं पण आहे व्हय?" म्हटलं, हो, ३१ मार्चला आपलं बिल यातच होतं.