अमेरिकेतल्या दुधाच्या जाहिराती: शेतकऱ्याचा पैसा कोणता, कंपन्यांचा कोणता?

अमेरिकेतल्या दुधाच्या जाहिराती म्हटलं की ‘गॉट मिल्क?’ आणि ओठांवर पांढरी मिशी उमटलेले खेळाडू, नट-नट्या आठवतात. ‘हे सगळं तिथल्या शेतकऱ्यांच्या पैशातून चालतं’, असंही सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. ‘गॉट मिल्क?’ १९९३ मध्ये सुरू केलं कॅलिफोर्नियातल्या दूध प्रक्रिया कंपन्यांच्या मंडळानं. मिशीच्या जाहिराती देशभर नेल्या ‘मिल्कपेप’ या दूध कंपन्यांच्या प्रचार संस्थेनं, आणि तो निधीही कंपन्यांचाच.

शेतकऱ्यांचा निधी वेगळा. त्याला तिकडे ‘चेकऑफ’ म्हणतात. १९८३ च्या कायद्यानुसार दर १०० पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो दुधामागे १५ सेंट सक्तीनं कापले जातात. दूध घेणारा ही कपात परस्पर बिलातूनच करतो. वर्षाला २४ हजार पौंड दूध देणारी गाय धरा: एका गायीमागे ३६ डॉलर, १०० गायींच्या गोठ्यामागे ३,६०० डॉलर. दुधाचा भाव पडला तरी कपात तेवढीच. दूध बिलातली प्रत्येक कपात बारकाईनं बघणाऱ्या आपल्या उत्पादकांना यातली कळ वेगळी सांगायला नको.

कंपन्यांचा निधी १९९० च्या कायद्यातून आला. १०० पौंडांमागे २० सेंट, पण फक्त पिण्याच्या दुधावर, आणि तेही मोठ्या कंपन्यांकडूनच. साहजिकच मिल्कपेप पेल्यातल्या दुधाचाच प्रचार करते.

शेतकऱ्याचं दूध मात्र चीज, लोणी, पावडर, कशातही गेलं तरी त्याच्या दृष्टीनं ते विकलं गेलेलं असतं. अमेरिकेत दूध पिण्याचं प्रमाण कित्येक दशकं घटत आलंय आणि चीजचा खप वाढत गेलाय. एक किलो चीजला जवळपास दहा लिटर दूध लागतं. म्हणून शेतकऱ्यांच्या निधीनं डॉमिनोजशी भागीदारी करून जास्त चीजचे पिझ्झे बाजारात आणायला हातभार लावला, निर्यातीसाठी वेगळी परिषद उभी केली. मिशीच्या फोटोंसारखं हे काम डोळ्यांत भरत नाही, पण माझ्या मते दूध खपवण्याचा हा जास्त शहाणा मार्ग आहे.

सक्ती मात्र मला पटत नाही. पुण्यातून चालणाऱ्या ‘एनईसीसी’नं, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीनं, ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ घराघरांत पोचवलं ते कुक्कुटपालकांनी स्वेच्छेनं दिलेल्या वर्गणीवर. अमेरिकेत काही दूध उत्पादक कोर्टात गेले आणि २००४ मध्ये अपील न्यायालयात जिंकलेही. पण २००५ मध्ये गोमांसाच्या अशाच निधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हा प्रचार म्हणजे सरकारचंच म्हणणं आहे, त्यामुळे त्यासाठी सक्तीनं पैसे घेण्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होत नाही. दूध उत्पादकांचा विजयही त्यापुढे टिकला नाही. शिवाय सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी हा पैसा वापरायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे दुधाच्या भावाचं सरकारी सूत्र बदलून घ्यायचं असेल, तर शेतकऱ्याला त्या लढाईसाठी वेगळा खिसा रिकामा करावा लागतो.