बॉस्पोरसच्या नाण्यांवरचे वर्ष आणि उतरत गेलेला कस

काळा समुद्र आणि अझोवचा समुद्र यांना जोडणाऱ्या केर्चच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर बॉस्पोरसचे राज्य पसरले होते. पँटिकापेयम, म्हणजे क्रिमियातील आजचे केर्च, ही त्याची राजधानी. रोमशी आयुष्यभर झुंजलेल्या सहाव्या मिथ्रिडेटिस राजाचा शेवट इ.स.पूर्व ६३ मध्ये याच शहरात झाला आणि पुढे हे राज्य रोमचे मांडलिक बनले. मांडलिकांना सोन्याचे नाणे पाडण्याची मुभा रोम सहसा देत नसे. बॉस्पोरसला मात्र ती मिळाली, आणि म्हणूनच ही नाणी अभ्यासकांना विशेष मोलाची वाटतात.

बॉस्पोरसचा राजा दुसरा सॉरोमाटिस याचा एक स्टेटर, म्हणजे तिथले सोन्याचे नाणे, पाहू. वजन आठ ग्रॅमपेक्षा किंचित कमी. पुढच्या बाजूस लांब केसांचा, दाढीधारी राजा आणि भोवती ग्रीक लिपीत त्याचे नाव. मागे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे मस्तक, पण नाव नाही. मस्तकाखाली बीटा, ओमिक्रॉन आणि अप्सिलॉन ही तीन अक्षरे आहेत. ग्रीक पद्धतीनुसार त्यांची किंमत २, ७० आणि ४००, म्हणजे वर्ष ४७२. बॉस्पोरसचा शक इ.स.पूर्व २९७ पासून मोजला जाई, त्यामुळे हे नाणे इ.स. १७५-७६ मधले ठरते.

वर्ष असे नेमके कळत असल्याने धातूचा कस कसा उतरत गेला, हे काळाच्या क्रमाने मांडता येते. पहिल्या शतकात हे नाणे उत्तम सोन्याचे होते. दुसऱ्या शतकात त्यात चांदी वाढत जाऊन ते फिकट इलेक्ट्रमचे, म्हणजे सोने-चांदीच्या मिश्रधातूचे, झाले, आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात नाव स्टेटरच राहिले तरी हाती तांबेच उरले.

हा कस तपासणे दिसते तितके सोपे नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने नाणे न दुखवता त्यातील धातू ओळखता येतात, परंतु ते किरण वरच्या पातळ थरापुरतेच सांगतात. शतकानुशतके जमिनीत पडून राहिल्याने पृष्ठभागावरील तांबे आणि चांदी झिजून निघते, आणि नाणे असते त्यापेक्षा अधिक शुद्ध भासते. पाण्यात तोलून काढलेली घनता संपूर्ण नाण्याबद्दल बोलते. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची सुमारे ८.९ असल्याने सोने किती, याचा अंदाज तीवरून चांगला येतो. हीण चांदीचे की तांब्याचे, हे मात्र तेवढ्यावरून ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींची सांगड घालणेच योग्य.

नाण्यांची ही मालिका इ.स. ३४१ च्या सुमारास थांबते. शेवटच्या तांब्याच्या नाण्यांवरही सम्राटाचे मस्तक आहे, पण ते इतके ढोबळ कोरलेले आहे की हा सम्राट कोणता, हे चेहऱ्यावरून नव्हे तर खालच्या अक्षरांवरूनच ठरवावे लागते.