हॅकनीतील मुलांचे इंग्रजी

2013 साली दक्षिण लंडनमधील एका शाळेने विद्यार्थ्यांनी वापरू नयेत अशा, तरुणांच्या बोलीतील शब्दांची यादीच लावली आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांत त्यावर रकानेच्या रकाने लिहून आले. लंडनच्या तरुणांच्या या बोलीला ‘जफेकन’, म्हणजे नकली जमैकन, हे नाव पत्रकारांनी त्याआधीच देऊन टाकले होते. गोऱ्या मुलांनी रॅप ऐकून केलेली नक्कल म्हणजे ही बोली, असा समज त्यातून रूढ झाला. तो साफ चुकीचा आहे.

जेनी चेशर, पॉल कर्सविल हे भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 पासून लंडनमधील तरुणांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. त्यांनी प्रथम दोन भाग निवडले. एक पूर्व लंडनमधील हॅकनी, जिथे कॅरिबियन, आफ्रिकी, तुर्की, बांगलादेशी अशी अनेक मुळांची कुटुंबे शेजारी राहतात; आणि दुसरा शहराच्या कडेचा हॅवरिंग, जिथे ईस्ट एंड या पूर्व लंडनच्या जुन्या कामगार वस्तीतील बरीच गोरी कुटुंबे जाऊन स्थायिक झाली होती.

खरी गंमत स्वरांत आहे. ‘फेस’ आणि ‘गोट’ हे शब्द उच्चारताना कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या कामगारांची जुनी बोली, बोलणाऱ्या माणसाची जीभ एका स्वराकडून दुसऱ्याकडे लांबवर घसरते, त्यामुळे आपल्या कानाला ते ‘फाइस’ आणि ‘गाउट’ यांच्या जवळचे वाटतात. हॅकनीतील तरुणांमध्ये मात्र ही घसरण जवळजवळ थांबलेली आढळली. मराठी माणूस हे शब्द आपल्या ‘ए’ आणि ‘ओ’ने, जीभ स्थिर ठेवून म्हणतो, त्याच्या बरेच जवळ जाणारे हे उच्चार आहेत. उलट जमैकाच्या ठेठ क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या मिश्र भाषेत, याच शब्दांचे उच्चार ‘फिएस’ आणि ‘गुओट’ असे होतात. निव्वळ जमैकन नक्कल असती, तर हॅकनीत हे उच्चार ऐकू यायला हवे होते.

मग हे स्थिर स्वर आले कुठून? स्थलांतरित घरातील मूल इंग्रजी शिकते ते बऱ्याचदा रस्त्यावरच्या आणि शाळेतल्या थोड्या मोठ्या मुलांकडून, आणि त्या मुलांपैकीही अनेकांची ती दुसरी भाषा असते. अनुकरण करावे असा एकच नमुना समोर नसतो. भारतीय उपखंड, पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि जुने लंडन यांची उच्चाररूपे एकाच कुंडात साठतात, आणि जे रूप अनेक भाषांत आधीपासून आहे व उच्चारायला सोपे आहे, त्याची निवड होण्याची शक्यता वाढते. ही निवड कोणी ठरवून करत नाही. कॉकनीत शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, तो हॅकनीतील तरुणांनी पुन्हा उच्चारायला सुरुवात केली, ती याच प्रक्रियेतून. स्वराआधी ‘ॲन’ न वापरता ‘अ’च ठेवायचा आणि मध्ये कंठातील झडप क्षणभर मिटून ‘अ ॲपल’ म्हणायचे, हेही तसेच. दोन रूपांच्या जागी एकच रूप लक्षात ठेवावे लागते.

यात वंशाचा हिशेब किती, याचे उत्तर मैत्रीच्या अभ्यासातून मिळाले. हॅकनीतील ज्या गोऱ्या मुलांचे मित्र अनेक समाजांतले होते, त्यांच्या बोलण्यात ही नवी रूपे अधिक सापडली. ज्यांचा गोतावळा मुख्यतः गोरा होता, त्यांच्यात कमी. बोलण्याचा हेल रक्तातून येतो, अमक्या जातीच्या जिभेला तमका ध्वनी जमतच नाही, ही समजूत आपल्याकडेही सर्रास ऐकू येते. तिला काडीचाही आधार नाही. ‘इंग्रजी बिघडली’ ही ओरड करणारेही हे पाहत नाहीत की या बोलीला स्वतःचे नियम आहेत आणि चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बोलण्याचाही तिच्या संदर्भात अभ्यास झाला आहे.

मँचेस्टरच्या तरुणांमध्येही यांतील काही वैशिष्ट्ये आढळली आहेत. तिथे ती स्थानिक उत्तरेकडील उच्चारांत मिसळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो मुलगा मँचेस्टरचा असल्याचे ओळखता येते.