जुन्या वर्कस्टेशनचे कॅबिनेट उघडणे

वर्कस्टेशन म्हणजे १९८०-९०च्या दशकांत अभियांत्रिकी आराखडे, नकाशे, त्रिमितीय चित्रे अशा जड कामांसाठी बनवलेला, बहुधा युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा टेबलावरचा संगणक. सन मायक्रोसिस्टिम्सचे स्पार्कस्टेशन १ (१९८९), सिलिकॉन ग्राफिक्सची इंडिगो (१९९१), इंडी (१९९३) आणि ओ२ (१९९६) ही त्यातली नावाजलेली यंत्रे. लिलावातून किंवा भंगारातून ती हौशी माणसांच्या हाती येतात. दुरुस्तीतले पहिले काम म्हणजे पेटी उघडणे, आणि खूपशी मोडतोड इथेच होते.

या पेट्या जागेवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाला चटकन उघडता याव्यात अशाच घडवलेल्या होत्या. त्यामुळे जोर लावावा लागत असेल, तर एखादा स्क्रू, खटका किंवा कुलपाची कडी सुटायची राहिली आहे असे समजावे. स्पार्कस्टेशन १ आणि २ मध्ये मागचे स्क्रू काढून झाकणाची मागची कडा आधी उचलायची असते. पुढच्या कडेचे हूक सर्वांत शेवटी सुटतात. पुढून उचकटले की तेच हूक तुटतात. ओ२ चा मदरबोर्ड मागच्या बाजूने खणासारखा बाहेर सरकतो. सिलिकॉन ग्राफिक्सच्याच ऑक्टेनमध्ये (१९९७) आतल्या दाबून बसणाऱ्या जोडणीच्या बारीक सोनेरी तंतूंना बोटही लागू देऊ नये. ते वाकले की जोडणी गेली.

सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवरचे रंगीत प्लास्टिक कवच वयाने ठिसूळ झालेले असते. सुंदर दिसणारे हे कवचच आधी तडकते. पिवळे पडणे हे जुन्या प्लास्टिकचे लक्षण खरे, पण पिवळे न पडलेले कवचही मजबूत असेलच असे नाही. थंडीत ते आणखी कडक होते. डिसेंबरात पहाटे नागपूर-गोंदियाकडे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा यंत्र ऊबदार खोलीत काही तास ठेवून दुपारी हात घालावा. खटके सोडवायला लोखंडी पेचकस वापरू नये. बांबूची घासून गुळगुळीत केलेली चपटी पट्टी उत्तम. ती कुठल्याही बुरुडाकडून करून घेता येते, वीज वाहत नाही आणि ओरखडाही पाडत नाही.

विदर्भात खरा धोका उन्हाळ्याचा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंश ओलांडतो आणि दुपारची हवा कमालीची कोरडी होते. अशा हवेत अंगावर स्थिर वीज साठते. तिचा चटका माणसाला साधारण ३,००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो. नाजूक चिप मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमीने जायबंदी होऊ शकते. म्हणजे काहीच जाणवले नाही तरी नुकसान झालेले असू शकते. अंगावरची स्थिर वीज उतरवणारा मनगटी पट्टा सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला जोडण्याचा सल्ला पुस्तकी आहे. खेड्यातल्या अनेक घरांत त्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. त्यापेक्षा पट्टा पेटीच्याच रंग न लावलेल्या धातूला जोडावा, म्हणजे माणूस आणि यंत्र एकाच विद्युतपातळीवर राहतात. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉनची साडी, टेरिलीनचा शर्ट आणि प्लास्टिकची खुर्ची टाळावी. कूलर चालू असलेल्या खोलीतली दमट हवा स्थिर वीज कमी करते, पण कूलरचा झोत थेट बोर्डावर येऊ देऊ नये. त्याच्या पाण्याचे क्षार तुषारांबरोबर आत बसतात.

उघडण्याआधी प्लग काढावा आणि काही मिनिटे थांबावे. पॉवर सप्लायची स्वतंत्र पेटी उघडूच नये: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. जुना काचेचा मॉनिटर त्याहून कितीतरी घातक. त्यात हजारो व्होल्ट असतात.

गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने वळवावा, म्हणजे गंजाची पकड सुटते. स्क्रूच्या डोक्यात नेमका बसणारा पेचकसाचा बिट घेऊन वरून दाब द्यावा. हातोडीने ठोकू नये, हार्डडिस्कला ते सोसत नाही. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने रिकाम्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

आत काय निघेल याची तयारी हवी. जिनिंगच्या गावांत कापसाचे तंतू पंख्याला गुंडाळलेले असतात, भातगिरणीजवळ तुसाची धूळ. जाळीच्या भोकांत कुंभारीण माशीची मातीची घरटी, कोपऱ्यात पालीची अंडी, उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही आढळते. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर तोंडाला फडके बांधून सपरीत, म्हणजे पडवीत, साफसफाई करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

सनच्या यंत्रांत घड्याळाच्या चिपमध्येच बॅटरी आणि यंत्राची ओळख, म्हणजे होस्ट आयडी व इथरनेट पत्ता, साठवलेले असतात. यंत्र सुरू होत असेल तर पडद्यावरचे हे आकडे आधी वहीत उतरवावेत. बॅटरी संपली की ते पुसले जातात.

बंद करताना क्रम उलटा: हूक आधी खाचेत, मग मागची कडा खाली, आणि सगळे स्क्रू हाताने अर्धे बसल्यावरच पेचकस लावावा. कवचाचा तुकडा निघालाच तर तो टाकू नये. या कवचांचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत आणि मूळ तुकडा असेल तरच जोड नीट बसतो.